चिंतामणराव देशमुख आणि मंत्र्यांची जबाबदारी

महाराष्ट्राबाहेर राहून देशकार्य केलेल्या एखाद्या मराठी पुरुषाचे चरित्र आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत असावे, अशी संपादक मंडळाची इच्छा आम्हांस कळविण्यात आली, तेव्हा नावांची वाण मुळीच नव्हती. तरीही आम्ही कै. चिंतामणराव देशमुखांचे नाव निवडले. मंडळातील पुष्कळ कुटुंबे रेल्वे, डाक-तार, बँका आणि केंद्र सरकारची नाना खाती यांच्या बदल्यांमुळेच या गावी येऊन स्थिरावली आहेत. चिंतामणरावही बदलीचेच मानकरी. नागपूर, लंडन, मुंबई, दिल्ली, हैदराबाद असा त्यांचा संसार फिरत राहिला. सरकारी फायलीवर शेरा लिहिण्यात ज्याचे अर्धे आयुष्य गेले, असा माणूस मंत्री झाल्यावर काय करतो, हे जाणून घेण्याची उत्सुकता आमच्यासारख्या सरकारी नोकराला असणे साहजिक आहे.

दुसरे कारण थोडे तक्रारीचे आहे. मराठी घरांत चिंतामणरावांची आठवण निघते ती मुंबईसाठी अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारा माणूस म्हणून. ही आठवण खरी आहे, पण ती अर्धी आहे. राजीनाम्याच्या वेळी लोकसभेत त्यांनी जे निवेदन केले, त्यात मुंबईबरोबर आणखी एक प्रश्न होता, आणि तो अवघ्या देशाचा होता. तो प्रश्न आपण विसरलो आणि 'महाराष्ट्राचा कंठमणी' हे बिरुद तेवढे जपून ठेवले.

१४ जानेवारी १८९६ रोजी, संक्रांतीच्या दिवसांत, महाडजवळच्या नाते या गावी चिंतामणरावांचा जन्म झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. वडील द्वारकानाथपंत वकील होते आणि बालपणाचा काळ रोह्यास गेला. कोकणातल्या मध्यमवर्गीय घरात विद्या हीच इस्टेट समजली जाई, आणि चिंतामणरावांनी ती दोन्ही हातांनी मिळविली. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी ठेवलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळविली. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१५ साली ते केंब्रिजला जीझस कॉलेजात गेले. तेथे त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अर्थशास्त्र हा त्यांचा पदवीचा विषयच नव्हता. वनस्पतिशास्त्रातले पारितोषिक त्यांना मिळाले आणि झाडाफुलांचा नाद मात्र जन्मभर टिकला. १९१८ साली आय. सी. एस. परीक्षेत त्यांचा पहिला क्रमांक आला.

नेमणूक झाली ती मध्यप्रांत व वऱ्हाडात. तेथील वीस वर्षांचा तपशील सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. जमाबंदी, वित्त, जिल्ह्याचा कारभार ही नेहमीची चाकोरी त्यांनी पार केली. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयात त्यांनी काम केले. प्रांतांना केंद्राकडून किती पैसा मिळावा हे ठरविण्यासाठी १९३६ साली सर ओटो निमायर आले, तेव्हा मध्यप्रांताची बाजू चिंतामणरावांनी अशा चोख रीतीने मांडली की वरिष्ठांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. जुलै १९३९ मध्ये त्यांना रिझर्व्ह बँकेत घेण्यात आले. दोन वर्षांत ते डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय होत. पुढच्या वर्षी ब्रेटन वुड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांचा पाया घातला गेला, तेव्हा हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत.

या काळातली एक गोष्ट मात्र आम्हांस थोडी थांबून सांगावीशी वाटते. महायुद्धाच्या काळ्या बाजारात अमाप पैसा साठला होता. तो बाहेर काढण्यासाठी जानेवारी १९४६ मध्ये सरकारने पाचशे, हजार आणि दहा हजार रुपयांच्या नोटा रद्द केल्या. गव्हर्नर या नात्याने चिंतामणरावांचे मत विचारले गेले, तेव्हा त्यांनी उत्साह दाखविला नाही. कर चुकविणाऱ्यांकडून या उपायाने दहा कोटी रुपयेही अधिक मिळतील की नाही, याची त्यांना शंका होती. सरकारने आपल्या मनाप्रमाणे केले, आणि निर्णय झाल्यावर बँकेने तो राबविला. विरोधी मत कागदावर नोंदवावे, निर्णय झाल्यावर मुकाट्याने पाळावा, ही सनदी नोकराची रीत. ती त्यांनी पाळली. पुढे मंत्री झाल्यावर हीच रीत पुरेशी आहे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला.

१ जून १९५० रोजी डॉ. जॉन मथाई यांच्या जागी ते अर्थमंत्री झाले. राजकारणाच्या दिंडीदरवाजातून ते आले नव्हते. तुरुंगवास नाही, प्रभातफेरी नाही, पक्षाच्या कचेरीतली उठबस नाही. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर ते लोकसभेत आले, एवढाच त्यांचा मतपेटीशी संबंध. त्यांचे बोलणे मोजके आणि वागणे अलिप्त. जवळच्या माणसांनाही ते कोरडे वाटत असावेत, असा आमचा समज आहे. परंतु पहिली पंचवार्षिक योजना, इंपीरियल बँकेची स्टेट बँक, कंपनी कायद्याची नवी घडण, ही सारी कामे याच सहा वर्षांतली आहेत. पत्नी रोझिना १९४९ साली निवर्तल्या होत्या. २२ जानेवारी १९५३ रोजी त्यांनी घटना समितीच्या माजी सदस्य दुर्गाबाई यांच्याशी विवाह केला. त्या नोंदणी विवाहाला साक्षीदार म्हणून खुद्द पंडित नेहरू होते. पुढची हकीकत वाचताना हे लक्षात ठेवावे.

सार्वजनिक जीवनातील सचोटीचा प्रश्न स्वातंत्र्याबरोबरच जन्मला होता, तो कोणी नंतर आणला नाही. १९५१ साली हंगामी संसदेच्या एका सभासदाने मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांच्यासाठी सभागृहात खटपट केल्याचे उघडकीस आले. सभागृहाने समिती नेमली, चौकशी केली आणि त्या सभासदास जावे लागले. नियोजन आयोगाच्या सांगण्यावरून त्याच वर्षी ए. डी. गोरवाला यांनी राज्यकारभारावर अहवाल दिला. हेही मुंबईचेच, हेही आय. सी. एस. मधले. सचोटीची तपासणी कारकुनापासून सुरू करून चालत नाही, वरून सुरू करावी लागते, हा त्या अहवालाचा रोख होता. चिंतामणराव तेव्हा अर्थमंत्री होते आणि नियोजन आयोगाचे सदस्यही. तो अहवाल त्यांच्या टेबलावरून गेला, आणि मनातूनही गेला नसावा.

आता १९५६ साल. राज्यपुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि मुंबईचे काय करायचे, यावर दिल्लीत खलबते सुरू झाली. १६ जानेवारीस मुंबई केंद्रशासित होणार अशी घोषणा झाली. शहर पेटले, गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात एकूण शंभरांहून अधिक माणसे बळी पडली. त्याच आठवड्यात, १९ जानेवारीच्या रात्री, अर्थमंत्री देशमुख आकाशवाणीवरून बोलत होते. आयुर्विम्याचा धंदा राष्ट्राच्या ताब्यात घेतल्याची ती वार्ता होती. लहानमोठ्या २४५ विमा संस्था एका वटहुकुमाने सरकारकडे आल्या. सामान्य माणसाने पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या हप्त्यांचा पैसा काही उद्योगपती आपल्या खासगी कारभाराकडे वळवीत होते, आणि फिरोज गांधींनी संसदेत त्यावर प्रकाश टाकला होता. हे राष्ट्रीयीकरण म्हणजे सचोटीचाच एक प्रश्न होता. एकीकडे असे काम आणि दुसरीकडे मुंबईच्या रस्त्यावर पडलेली माणसे. त्याच सुमारास चिंतामणरावांनी राजीनाम्याची तयारी दाखविली. थोडे थांबा, असे त्यांना सांगण्यात आले. ते थांबले.

जूनमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक मुंबईत भरली, तेव्हा पंडितजींनी जाहीर केले की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील. यानंतर मात्र चिंतामणराव थांबले नाहीत. राजीनामा दिला आणि २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत उभे राहून त्याची कारणे सांगितली. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्यास त्यांचा विरोध होताच. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे दुसरे कारण. आणि तिसरे, आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, असे की एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे न येताच जाहीर करण्यात आला.

या तिसऱ्या मुद्द्याकडे वाचकांनी जरा निरखून पाहावे. राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे. जबाबदारी सर्वांची असेल, तर निर्णयही सर्वांनी मिळून घेतलेला असला पाहिजे. जो निर्णय आपल्यासमोर आलाच नाही, त्याची जबाबदारी आपण कशी उचलावी, हा त्यांचा प्रश्न होता. पंडितजींनी हा आरोप मान्य केला नाही. पंतप्रधानाला धोरणाची घोषणा करण्याचा अधिकार असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. कायद्याचा कीस काढणारे दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. आमचे मत विचाराल तर या वादात चिंतामणरावांची बाजू बळकट आहे. एखाद्या पंतप्रधानाची लोकप्रियता जितकी मोठी, तितकी त्याच्या सहकाऱ्यांनी नियमावर बोट ठेवण्याची गरजही मोठी. आणि येथे नियमावर बोट ठेवणारा माणूस ज्याच्यापुढे उभा होता, तो त्याच्या लग्नाचा साक्षीदार होता. वैर नव्हते, कटुताही फारशी दिसली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अरियलूर येथे रेल्वेचा अपघात होऊन लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला. त्या राजीनाम्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत आली. चिंतामणरावांच्या राजीनाम्याला तो मान मिळाला नाही, कारण तो प्रांताचा राजीनामा समजला गेला. आपणच तो तसा समजलो, मग इतरांना दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

पद गेले, पण माणूस अडगळीत पडला नाही. सरकारने त्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदावर नेमले आणि १९६१ पर्यंत ते त्या जागी होते. देशातल्या विद्यापीठांच्या पैशाला शिस्त लागली ती या वर्षांत. इकडे त्यांनीच राष्ट्राच्या स्वाधीन केलेल्या आयुर्विम्याच्या पैशावर नवे संकट आले. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या गृहस्थाच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे भाग खरेदी केल्याचे १९५७ साली उजेडात आले. पुन्हा फिरोज गांधीच उभे राहिले. न्या. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने उघड्यावर चौकशी केली. लोक गर्दी करून ती ऐकत. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी पद सोडले. खात्यात काय चालले होते हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणून मंत्र्याला सुटता येत नाही, हे छागलांनी स्पष्ट केले. ही चौकशी झाली, कारण एका सभासदाने चिकाटी धरली आणि सरकारला ती टाळता आली नाही. फिरोज गांधी नसते तर? चौकशी होणे हे अशा योगायोगावर अवलंबून ठेवायचे काय?

जुलै १९५९ मध्ये मद्रास येथे केलेल्या भाषणात चिंतामणरावांनी याच प्रश्नाला हात घातला. मंत्री आणि उच्चपदस्थ यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकून घेण्यासाठी निःपक्षपाती आणि कायमस्वरूपी असे उच्च न्यायाधिकरण असावे, अशी सूचना त्यांनी मांडली. इतकेच करून ते थांबले नाहीत. असे न्यायाधिकरण नेमलेत तर सुरुवात म्हणून अर्धा डझन प्रकरणे मीच दाखल करीन, अशी तयारी त्यांनी दाखविली. ध्यानात घ्या, ते तेव्हा सरकारने नेमलेल्या आयोगाच्या खुर्चीवर होते. सरकारी पदावर असलेल्या माणसाने सरकारच्याच मंत्र्यांविषयी हे बोलणे म्हणजे घरात बसून छपराचे कौल काढून दाखविण्यासारखे होते. वृत्तपत्रांत गदारोळ उठला, संसदेत प्रश्न विचारले गेले. पंडितजींनी सूचना मानली नाही. अशा न्यायाधिकरणाने संशयाचे वातावरण पसरेल, कोणीही उठून कोणावरही चिखल उडवील, आणि चांगली माणसे कामाला धजणार नाहीत, असे त्यांना वाटत होते.

पंडितजींची ही भीती अगदीच पोकळ नव्हती. निनावी अर्जांनी एखाद्या प्रामाणिक अधिकाऱ्याची बढती वर्षानुवर्षे कशी अडते, हे आम्ही आमच्या नोकरीत डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु चिंतामणरावांची सूचना नेमकी याच रोगावर होती. चव्हाट्यावरच्या कुजबुजीपेक्षा बंद दाराआड न्यायाधीशासमोर तक्रार व्हावी, खरी असेल तर शिक्षा आणि खोटी असेल तर निर्दोषत्वाचा दाखला मिळावा, हाच तिचा हेतू. प्रकरणे न्यायाधिकरणापुढे ठेवायला ते तयार होते. असे न्यायाधिकरण मात्र निघाले नाही.

पण बीज पडले होते. १९६२ साली गृहमंत्री शास्त्रींनी के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या शिफारशीने १९६४ साली केंद्रीय दक्षता आयोग आला. पंजाबचे मुख्यमंत्री प्रतापसिंह कैरों यांची चौकशी न्या. एस. आर. दास यांनी केली आणि त्याच वर्षी कैरोंना जावे लागले. मंत्र्यांसाठी आचारसंहिता आली तीही १९६४ सालीच. योगायोग असा की आम्हा केंद्रीय नोकरांचे वर्तणूक नियमही त्याच सालचे. दोहोंत फरक एवढाच की आम्ही स्थावर मालमत्तेचे विवरणपत्र वेळेवर दिले नाही तर दक्षता विभागाचा दाखला अडतो, बढती लांबते, खुलासा मागविला जातो. मंत्र्यांची संहिता ही सद्भावनेवर चालते. ती मोडली तर काय, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

पुढचा टप्पा तर इतिहासाने मुद्दाम योजावा तसा आला. १९६६ साली स्थापन झालेल्या प्रशासन सुधारणा आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात लोकपाल व लोकायुक्त नेमण्याची शिफारस केली. या आयोगाचे अध्यक्ष होते मोरारजी देसाई. दहा वर्षांपूर्वी मुंबईत गोळीबार झाला तेव्हाचे मुख्यमंत्री हेच. ज्यांच्या कारभाराच्या चौकशीची मागणी नाकारली गेली म्हणून चिंतामणरावांनी पद सोडले, त्यांच्याच स्वाक्षरीने चिंतामणरावांची कल्पना दुसऱ्या नावाने सरकारदरबारी रुजू झाली. मोरारजींना हे श्रेय नाकारू नये. त्यांचाही करारीपणा दांडगा होता. महाराष्ट्राने १९७१ साली लोकायुक्तांचा कायदा केला आणि पुढच्या वर्षी ते पद प्रत्यक्षात आणले. या बाबतीत देशात पुढाकार घेतला तो आपल्या राज्याने.

दिल्लीतले लोकपाल विधेयक मात्र १९६८ साली आले, दुसऱ्या वर्षी लोकसभेने ते मंजूर केले, आणि १९७० च्या अखेरीस लोकसभा विसर्जित होताच ते बुडाले. त्यानंतर किती वेळा ते आणले आणि किती वेळा बुडाले, याची जंत्री देण्यात अर्थ नाही.

१९६९ साली चिंतामणराव राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचा त्यांना पाठिंबा होता. काँग्रेसमधल्या दुफळीत गिरी विरुद्ध रेड्डी असा सामना रंगला आणि चिंतामणराव तिसरे आले. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते त्यांना मिळाली. गिरींना चार लाखांहून थोडी अधिक, रेड्डींना तीन लाखांहून अधिक. ही उमेदवारी त्यांनी स्वीकारायला नको होती, असे आमचे मत आहे. ज्याने जन्मभर पक्षांच्या पलीकडचा लवाद मागितला, त्याने दोन पक्षांच्या शिडीने वर चढण्याचा यत्न करणे शोभले नाही. कदाचित त्यांना त्या पदाच्या निःपक्षपातीपणाचेच आकर्षण असेल. पण मतदान झाले ते पक्षांच्या आणि गटांच्या हिशेबाने.

बाकीच्या आयुष्याविषयी थोडक्यात. १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार शासनसेवेसाठी त्यांना मिळाला. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७५ साली पद्मविभूषण झाले. संस्कृतचा अभ्यास अखंड चालू होता. कालिदासाच्या मेघदूताचे त्यांनी मराठीत भाषांतर केले आणि गांधीजींची वचने संस्कृत श्लोकांत बांधली. अर्थसंकल्पाचे आकडे मांडणाऱ्या हातांनी यक्षाचा विरह मराठीत आणावा, हे कोकणातल्या त्या घराचे देणे असावे. आपल्या जीवनाची हकीकत त्यांनी १९७४ साली इंग्रजीत प्रसिद्ध केली.

अखेरची वर्षे हैदराबादेस दुर्गाबाईंच्या आंध्र महिला सभेच्या परिसरातल्या लोकांत गेली. ९ मे १९८१ रोजी दुर्गाबाई गेल्या. त्यानंतर दीड वर्षही झाले नाही तोच, २ ऑक्टोबर १९८२ या गांधीजयंतीच्या दिवशी, चिंतामणराव हैदराबादेतच निवर्तले. वयाची शहाऐंशी वर्षे पूर्ण झाली होती.

लोकपालाचा कायदा संसदेने २०१३ च्या अखेरीस संमत केला आणि मार्च २०१९ मध्ये न्या. पिनाकीचंद्र घोष यांची पहिले लोकपाल म्हणून नेमणूक झाली. मद्रासच्या भाषणाला तेव्हा साठ वर्षे होत आली होती. आपल्यापैकी कोणाची दिल्लीस बदली झाली, तर लोदी उद्यानाशेजारच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरमध्ये अवश्य जावे. ही संस्था उभारण्यात चिंतामणरावांचा वाटा मोठा होता. तेथील सभागृहाला त्यांचे नाव आहे, आणि बाहेरची झाडी पाहून केंब्रिजचा तो वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी आठवतो.